सांगलीचा बॅकअप साताऱ्यात

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या काही महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत ‘कोहा’ हे सॉफ्टवेअर चालतं. त्याचे सर्व्हर सांभाळणं हे गेली काही वर्षं माझं मुख्य काम आहे. पुस्तकांची सूची, देवघेव, सभासदांच्या नोंदी, दंड, नियतकालिकांची आवक, सगळं या एका सॉफ्टवेअरमध्ये असतं. सर्व्हर म्हणजे ग्रंथालयाच्याच इमारतीत, बहुतेक वेळा ग्रंथपालांच्या केबिनशेजारच्या खोलीत ठेवलेलं एक साधं मशिन. कोहा मुक्त परवान्याचं असल्यामुळे कुणाला वर्षाला फी द्यावी लागत नाही, आणि सर्व्हर इमारतीतच असल्यामुळे मुलांच्या वाचनाच्या नोंदी बाहेरच्या कंपनीकडे जात नाहीत. मला ही व्यवस्था मनापासून पटते. मात्र सर्व्हर आपला म्हटला की त्याची निगाही आपलीच, आणि ती निगा एका माणसाच्या आठवणीवर सोडली तर सर्व्हर फार दिवस धड राहत नाही. ती माणसाच्या डोक्यातून काढून स्क्रिप्टमध्ये कशी उतरवली, ते इथे सांगायचं आहे.

कोहाचा जन्म न्यूझीलंडचा. तिथल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टची जुनी संगणक प्रणाली २००० साल उजाडल्यावर चालेल की नाही याची खात्री नव्हती. म्हणून १९९९ मध्ये त्यांनी कटिपो नावाच्या कंपनीकडून नवी प्रणाली लिहून घेतली. ३ जानेवारी २००० रोजी ती सुरू झाली आणि पुढे सगळ्यांसाठी खुली केली गेली. आज दर मे आणि दर नोव्हेंबरला तिची नवी आवृत्ती येते. आवृत्तीचा क्रमांक म्हणजे वर्ष आणि महिना: २४.०५, २४.११ असा. मधल्या काळात दर महिन्याला दुरुस्त्या येत राहतात. सुरक्षेच्या त्रुटी निघतात त्याही या मासिक दुरुस्त्यांमधून बुजवल्या जातात.

आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. एखाद्या कार्यशाळेत शिकून आलेला उत्साही प्राध्यापक किंवा ग्रंथपाल कोहा बसवतो. सूची भरली जाते, बारकोड चिकटतात, देवघेव सुरू होते. मग तो माणूस बदलून जातो किंवा निवृत्त होतो, आणि सर्व्हर बसवला त्या दिवशीच्या आवृत्तीवर थांबतो. सात-आठ वर्षं जुनी आवृत्ती, तिच्याखाली मुदत संपलेलं उबुंटू, असे सर्व्हर मी या भागात बरेच पाहिले. ग्रंथपालांना विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: “सर, चालतंय ना, मग हात नको लावायला.” या उत्तराला मी कधी हसलो नाही. अपडेट करताना काही बिघडलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवर मुलांच्या रांगेसमोर तेच उभे राहणार असतात. त्यांची भीती खरी आहे, आणि ती काढायची तर भाषण देऊन भागत नाही. अपडेट सहजासहजी बिघडत नाही, आणि बिघडलंच तर तासाभरात जुन्या जागी येता येतं, हे डोळ्यांसमोर दाखवावं लागतं.

माझी पहिली अडचण मात्र सॉफ्टवेअरची नव्हती, विजेच्या मेन स्विचची होती. डेबियनवर कोहा पॅकेज म्हणून बसवलं की रोजच्या बॅकअपचं काम आपोआप लागतं. डेटाबेस आणि फाइली दोन्हींची प्रत दररोज एका ठरलेल्या फोल्डरमध्ये पडते. सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात या फोल्डरमध्ये फक्त काही तुरळक तारखांचे बॅकअप होते. कारण शोधायला गेलो तर तिथले शिपाईमामा ग्रंथालय बंद करताना मेन स्विच पाडून जात. सर्व्हरचं सगळं नित्यकर्म पहाटे ठरलेलं, आणि पहाटे सर्व्हर बंद. मी म्हटलं, “मामा, एवढं एक मशिन रात्री चालू ठेवता येईल का?” मामा म्हणाले, “सर, रात्री शॉर्टसर्किट झालं तर? आत नुसता कागद हाय. सकाळी मला इचारत्यात.”

मामांचं म्हणणं बिनतोड होतं. जुनी वायरिंग आणि हजारो पुस्तकं असलेल्या इमारतीत रात्री वीज तोडणं हा शहाणपणा आहे. तेव्हा बदलायचं होतं ते सर्व्हरचं वेळापत्रक. लिनक्समध्ये ‘क्रॉन’ ठरल्या वेळीच काम करतो. त्या वेळी मशिन बंद असेल तर ते काम सुटतं. ‘ॲनाक्रॉन’ मात्र मशिन सुरू झाल्यावर कोणतं काम राहून गेलंय ते पाहतो आणि ते उरकतो. सिस्टिमडीच्या टायमरमध्येही चुकलेलं काम नंतर करून घेण्याची सोय आहे. आता सकाळी मामा स्विच वर करतात, मशिन जागं होतं, थोडा वेळ थांबून आदल्या दिवसाचा बॅकअप घेतं, आणि काउंटर उघडायच्या आत मोकळं होतं. परदेशी मार्गदर्शिकांमध्ये सर्व्हर चोवीस तास चालू असतो हे गृहीतच असतं. आपल्याकडे स्वयंचलनाची सुरुवात मेन स्विच कोण, कधी पाडतं या प्रश्नापासून करावी, असं मी आता प्रत्येकाला सांगतो.

त्यानंतर मुख्य काम, म्हणजे अपडेट. सुरुवातीला माझ्याकडे एक कागद होता. त्यावर पायऱ्या लिहिलेल्या: आधी बॅकअप, मग पॅकेजची यादी ताजी करा, मग अपडेट, मग डेटाबेसची रचना नव्या आवृत्तीला जुळली का पाहा, मग झेब्रा या शोधयंत्रणेची अनुक्रमणिका नव्याने बांधा, मग मेमकॅश आणि अपाची पुन्हा सुरू करा. प्रत्येक महाविद्यालयात जाऊन हा कागद समोर ठेवून तेच करायचं. साताऱ्याहून कराड, पेठ नाका, इस्लामपूर, आष्टा करत सांगली, आणि तिथून आणखी आत. हळूहळू कागदाच्या समासात टिपा वाढल्या: या ठिकाणी इन्स्टन्सचं नाव वेगळं, त्या ठिकाणी पोर्ट वेगळा, आणखी कुठे आधीच्या माणसाने पावतीचा नमुना हाताने बदललेला. त्या टिपांकडे पाहताना लक्षात आलं की खरी किंमत पायऱ्यांना नसून या टिपांना आहे. पायऱ्या कोहाच्या मार्गदर्शिकेत कुणालाही मिळतील. टिपा फक्त माझ्याकडे होत्या. उद्या मला काही झालं, तर हे सगळे सर्व्हर पुन्हा “हात नको लावायला” या अवस्थेत जाणार होते.

म्हणून मी ते सगळं ॲन्सिबलमध्ये लिहायला घेतलं. ॲन्सिबल हे साधन मला आवडतं ते त्याच्या साधेपणामुळे. सर्व्हरवर वेगळं काही बसवावं लागत नाही, एसएसएचने आत जाता आलं की पुरे. सर्व्हर कोणत्या अवस्थेत असावा हे एका फाइलमध्ये लिहायचं: अमुक पॅकेज असावं, अमुक फाइलमध्ये अमुक ओळ असावी, अमुक सेवा चालू असावी. जे आधीच तसं आहे त्याला ते हात लावत नाही, जे नाही तेवढं करतं. त्यामुळे तीच फाइल पुन्हा पुन्हा चालवली तरी बिघडत नाही. सगळ्यांना समान असलेल्या गोष्टी एका फाइलमध्ये, आणि प्रत्येक महाविद्यालयाची वेगळी फाइल, ज्यात समासातल्या त्या टिपा गेल्या. हे सगळं गिटमध्ये ठेवलं, म्हणजे कोणती ओळ कधी आणि का बदलली ते तारखेसकट राहतं.

बऱ्याच महाविद्यालयांचं ब्रॉडबँड असं असतं की बाहेरून त्या सर्व्हरपर्यंत पोचताच येत नाही. सार्वजनिक आयपी मिळत नाही. तिथे वायरगार्ड कामाला आलं. सर्व्हर आतूनच साताऱ्यातल्या एका मशिनशी बोगदा जोडतो आणि त्या वाटेने मला आत जाता येतं. राउटरमध्ये दारं उघडी ठेवावी लागत नाहीत, हा त्यातला मोठा फायदा.

आता स्वयंचलन कुठे अडतं ते सांगतो, कारण सोप्या भागावर सगळेच लिहितात. अपडेट आपोआप चालावं म्हणून डेबियनला ‘प्रश्न विचारू नकोस’ असं सांगण्याची सोय आहे. पण ती सोय सगळ्या प्रश्नांना लागू नाही. सेटिंगची एखादी फाइल आपण बदललेली असेल आणि नव्या पॅकेजमध्येही ती बदललेली असेल, तर डेबियनचं पॅकेज बसवणारं साधन, डीपीकेजी, थांबून विचारतं: तुमची ठेवू की नवी घेऊ? समोर उत्तर द्यायला कुणी नसेल तर पॅकेज अर्धवट बसलेल्या अवस्थेत अडकतं. आपल्या मराठी ग्रंथालयांत हा प्रश्न येण्याचा संभव बराच असतो, आणि त्याचं कारण देवनागरी.

कोहामध्ये शोधाचं काम झेब्रा करतं. झेब्राची मूळ मांडणी रोमन लिपीच्या सोयीची आहे. तशीच ठेवली तर मराठी पुस्तकाची नोंद डेटाबेसमध्ये नीट असते, पडद्यावर दिसते, पण शोधायला गेलं की सापडत नाही. त्यासाठी अनुक्रमणिकेच्या सेटिंगमध्ये आयसीयू ही युनिकोडची पद्धत लावावी लागते. ती लावली की बहुतेक प्रश्न सुटतात, पण काही खास मराठी प्रश्न उरतात. ‘ऱ्हास’ किंवा ‘दऱ्या’ यांमधला ऱ दोन तऱ्हांनी टाइप होतो. कुणी स्वतंत्र ऱ घेऊन त्याला हलन्त लावतं, कुणी साध्या र ला हलन्त लावून त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह टाकतं. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. नोंद भरणाऱ्याने एका तऱ्हेने भरली आणि मुलाने दुसऱ्या तऱ्हेने शोधली तर पुस्तक कपाटात असूनही ‘आढळले नाही’. आयसीयूच्या नियमांत एक ओळ घालून ही दोन्ही रूपं शोधापुरती एक मानायला लावता येतात. ऱ्हस्व-दीर्घाचंही तसंच. ‘ययाति’ की ‘ययाती’? मूळ मुखपृष्ठावर एक, नव्या नियमांप्रमाणे लिहिणाऱ्याच्या बोटांत दुसरं. वि. स. खांडेकर जन्मले सांगलीत. त्यांच्या ज्या ‘ययाति’ कादंबरीची ज्ञानपीठाने दखल घेतली ती सांगली जिल्ह्यातल्याच ग्रंथालयात वेलांटीमुळे सापडू नये, हे मला सहन होत नाही.

या सगळ्या दुरुस्त्या ज्या फाइलींत होतात, त्याच फाइलींवरून डीपीकेजी अपडेटच्या मधे प्रश्न विचारतं. त्यावर स्क्रिप्टमध्ये उत्तर आधीच देऊन ठेवता येतं: आमची फाइल ठेव. पण एवढ्यावर थांबणं धोक्याचं आहे. नव्या आवृत्तीने त्या फाइलमध्ये काही गरजेचं घातलेलं असू शकतं आणि ते आपल्यापर्यंत येतच नाही. आपली फाइल ठेवली की डीपीकेजी नवी प्रत शेजारी वेगळ्या शेपटीच्या नावाने टाकून जातं. माझी स्क्रिप्ट अपडेटनंतर अशा सगळ्या प्रती हुडकते, दोन्हींतला फरक माझ्यापुढे ठेवते, आणि मी तो वाचून मान्य करेपर्यंत पुढे जात नाही. तसंच कोहाच्या मुख्य सेटिंग फाइलचं. नव्या आवृत्त्यांत त्यात नव्या नोंदी लागतात, पण जुन्या इन्स्टन्सच्या फाइलमध्ये त्या आपोआप येत नाहीत. कोहा स्वतःच्या ‘अबाउट’ पानावर त्याबद्दल इशारे देतं. हे पान नियमाने उघडणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, त्यामुळे तपासणीच्या यादीत ते मी मुद्दाम वर घेतलं.

दुसरी काळजी पॅकेजच्या भांडाराची. कोहाच्या भांडारात ‘स्टेबल’ असं नाव देऊन ठेवलं की सहा महिन्यांनी त्या नावाखाली पुढची मोठी आवृत्ती येते. साधं मासिक अपडेट समजून चालवलेली आज्ञा सर्व्हरला एकदम पुढच्या आवृत्तीवर नेते. म्हणून नाव न लिहिता आवृत्तीचा क्रमांक लिहावा: २४.११ म्हणजे २४.११च. शिवाय कोहाचं पॅकेज धरून ठेवावं, म्हणजे कुणी सहज अपडेटची आज्ञा दिली तरी ते जागचं हलणार नाही. डेबियनच्या सुरक्षा दुरुस्त्या मात्र रोज आपोआप बसू द्याव्यात. तिथे माणसाची वाट पाहण्यात अर्थ नाही. कोणती गोष्ट आपोआप आणि कोणती विचारून, याची सीमा आखणं हाच या कामाचा गाभा आहे, आणि ती सीमा तंत्रज्ञाने एकट्याने आखू नये असं माझं ठाम मत झालं आहे.

कोहाची मोठी आवृत्ती बदलताना डेटाबेसची रचना बदलते, आणि हा रस्ता एकतर्फी आहे. पॅकेज जुनं घालता येतं, डेटाबेस मागे नेता येत नाही. परत यायचं तर आधी घेतलेला बॅकअप उभा करायचा, आणि मधल्या वेळात काउंटरवर झालेली देवघेव गमवायची. म्हणून प्रत्येक मोठं अपडेट आधी प्रतीवर होतं. साताऱ्यातल्या मशिनवर त्या महाविद्यालयाचा कालचा बॅकअप उभा राहतो, त्याच्यावर अपडेट चालतं, आणि मग तपासणी. चाचणीपुरता केलेला एक सभासद पुस्तक घेतो, परत करतो, उशिराचा दंड लागतो. बारकोडचं लेबल छापायला टाकलं जातं. ‘बनगरवाडी’ शोधलं जातं, ‘ययाति’ दोन्ही वेलांट्यांनी शोधलं जातं, ऱ दोन्ही तऱ्हांनी टाइप होतो. अपेक्षित नोंद आली नाही तर स्क्रिप्ट तिथेच थांबते आणि खऱ्या सर्व्हरला स्पर्शही होत नाही. या शोधांची यादी मी एकट्याने केलेली नाही. प्रत्येक ग्रंथपालांना विचारलं, “तुमच्याकडे मुलं सगळ्यात जास्त काय मागतात?” त्यांनी दिलेली नावं यादीत घातली. त्यामुळे तपासणी कशाची होते ते त्यांना कळतं, आणि अपडेटची भीती यानेच सगळ्यात जास्त कमी झाली.

प्रतीवर सगळं जमलं की ग्रंथपालांना साध्या मराठीत एक संदेश जातो: काय बदलणार, किती वेळ सेवा बंद राहणार, कोणत्या पडद्यावर नवीन काय दिसणार. त्यांनी दिवस सांगितल्याशिवाय पुढची पायरी चालत नाही. परीक्षेच्या तोंडावर नाही, नॅकचं मूल्यांकन असेल तर नाही, पुस्तक पडताळणी सुरू असेल तर मुळीच नाही. एका ग्रंथपाल मॅडमनी मला सुचवलं की अपडेट शनिवारी दुपारनंतर ठेवा, म्हणजे काही अडलंच तर रविवार हाताशी राहतो. तो आता सगळ्यांचा नियम आहे. तंत्रज्ञ मंडळी संपूर्ण स्वयंचलनाचं कौतुक करतात, कुणालाही न विचारता दिवसातून दहा वेळा अपडेट होणारी व्यवस्था आदर्श मानतात. मोठ्या कंपन्यांच्या ठिकाणी ते योग्य असेल. ग्रंथालयात त्या पडद्यासमोर बसणाऱ्या माणसाचा होकार हीसुद्धा व्यवस्थेतली एक पायरी आहे, आणि मी ती काढणार नाही.

आता बॅकअपकडे येतो, कारण या दोन जिल्ह्यांत त्याचा संबंध थेट कृष्णेशी आहे. नदी महाबळेश्वरला उगम पावते, साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णेला भेटते, कराडला कोयनेला, आणि सांगलीशेजारी हरिपूरला वारणा येऊन मिळते. साताऱ्याच्या डोंगरांत पडलेलं पाणी सांगलीत जातं. सांगलीत आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या पुरात सांगलीच्या शतकाहून जुन्या नगर वाचनालयाची असंख्य पुस्तकं भिजून गेली. २००५ चा पूर लोकांच्या आठवणीत होताच, आणि २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं. पुस्तकं गेली की काय गेलं ते तरी कळायला सूची हवी, भरपाईच्या अर्जाला जोडायला यादी हवी, पुन्हा खरेदी करताना आधार हवा. आणि ती सूची जर त्याच इमारतीतल्या तळमजल्यावरच्या मशिनमध्ये असेल, तर पुस्तकांबरोबर तीही जाते. कोहाचा रोजचा बॅकअपही मुळात त्याच डिस्कवर पडतो, हे पुष्कळांच्या ध्यानात नसतं.

म्हणून सांगली जिल्ह्यातल्या सर्व्हरचा बॅकअप रोज साताऱ्याला येतो. साताऱ्यातलं मशिन नदीपासून दूर, चढावर आहे. साताऱ्याकडच्या ग्रंथालयांचा बॅकअप तसाच सांगलीकडे जातो, पण पहिल्या मजल्यावरच्या खोलीत. यासाठी रेस्टिक हे साधन वापरतो. ते मजकूर पाठवण्याआधी कूटबद्ध करतं, त्यामुळे बॅकअप ज्यांच्या मशिनवर पडतो त्यांनाही कोणत्या मुलाने कोणतं पुस्तक नेलं ते वाचता येत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर ही काळजी घेणं जास्तच गरजेचं झालं, पण कायदा नसता तरी घेतली असती. रेस्टिक फक्त नव्याने बदललेले तुकडे पाठवतं, म्हणून ग्रामीण ब्रॉडबँडवरही काम लवकर उरकतं. एक बारकावा इथे महत्त्वाचा. डेटाबेसची प्रत नेहमीच्या पद्धतीने जीझिप करून दिली, तर एक नोंद बदलली तरी पुढची सगळी फाइल बदललेली दिसते आणि रोज पूर्ण फाइल वर जाते. प्रत न दाबता दिली की काही क्षणांत काम होतं. कूटबद्धतेची किल्ली कागदावर छापून सीलबंद लिफाफ्यात प्राचार्यांच्या कपाटात असते. ती फक्त माझ्याकडे असती तर सगळं एका माणसावर अवलंबून असण्याची मघाचीच अडचण नव्या रूपात उभी राहिली असती.

बॅकअप झाला नाही तर मला संदेश येतो, ही व्यवस्था बरेच जण करतात. ती पुरेशी नाही. सर्व्हरच बंद असेल, नेट तुटलेलं असेल, तर संदेश पाठवणार कोण? म्हणून उलट बाजूने पाहावं लागतं. साताऱ्याच्या मशिनकडे सगळ्यांची हजेरी असते. ठरल्या मुदतीत ज्याचा बॅकअप पोचला नाही त्याचं नाव तेच मशिन वर काढतं. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्या त्यात भराव्या लागतात, नाहीतर खोट्या इशाऱ्यांचा ढीग होतो आणि माणूस इशारेच वाचेनासा होतो.

आणि शेवटची पायरी, जिला माझ्या लेखी सगळ्यात जास्त मोल आहे: बॅकअप परत उभा करून पाहणं. हे काम मी ठराविक मुदतीने स्क्रिप्टकडूनच करून घेतो. कोऱ्या मशिनवर डेबियन, त्यावर कोहा, त्यावर बॅकअप, आणि मग तीच तपासणी. पहिल्यांदा हे चालवलं तेव्हा पुस्तकं आली, सभासद आले, थकलेले दंडही आले. मराठी शोध मात्र आला नाही. कारण शोधताना कळलं की कोहाचा स्वतःचा बॅकअप त्या इन्स्टन्सचं सेटिंग घेतो, पण झेब्राचं सामाइक सेटिंग, ज्यात देवनागरीसाठी केलेले बदल असतात, ते घेत नाही. मोडलेलं मशिन प्रत्यक्षात उभं करायची वेळ आली असती तर ग्रंथालय सुरू झालं असतं आणि मराठी विभाग आंधळा राहिला असता. ते बदल गिटमध्ये होतेच, त्यामुळे उभारणीच्या स्क्रिप्टमध्ये एक पायरी वाढली आणि प्रश्न संपला. बॅकअपची फाइल तयार झाली, तिचा आकार बरोबर आहे, यावरून असलं काही कधीच कळत नाही.

मला अनेकदा विचारतात, हे सगळं डॉकरमध्ये का नाही? क्लाउडवर का नाही? कोहाची डेबियन पॅकेजं चांगली सांभाळलेली आहेत, अपडेटबरोबर डेटाबेसही तीच पुढे नेतात. त्यावर कंटेनरचा आणखी एक थर चढवला की तो समजणारा माणूसही लागतो, आणि तालुक्याच्या ठिकाणी तो मिळणं अवघड. क्लाउडला माझा विरोध नाही. ज्यांना महिन्याचं बिल वर्षानुवर्षं नक्की भरता येईल त्यांनी जरूर जावं. हीच स्क्रिप्ट तिथेही चालते. पण अनुदानावर चालणाऱ्या ग्रंथालयाचं बिल एका वर्षी थकलं तर सूची हातची जाते. इमारतीतलं मशिन बिल थकल्याने बंद पडत नाही, आणि इंटरनेट गेलं तरी देवघेव चालू राहते. पावसाळ्यात या भागात नेट किती वेळा जातं ते इथल्या वाचकांना सांगायला नको.

या दोन जिल्ह्यांत संगणकशास्त्र शिकवणारी महाविद्यालयं मुबलक आहेत. रयत शिक्षण संस्था १९१९ साली कराडजवळ काल्याला सुरू झाली आणि नंतर साताऱ्यात स्थिरावली. सांगलीचं विलिंग्डन त्याच सालचं, वालचंद अभियांत्रिकी १९४७ चं. शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रकल्पासाठी दर वर्षी विषय लागतो, आणि दर वर्षी त्यांच्याच ग्रंथालयाचा सर्व्हर शेजारच्या इमारतीत विनाअपडेट पडून असतो. अलीकडे एका महाविद्यालयात दोन विद्यार्थ्यांनी माझी स्क्रिप्ट वाचून, प्रतीवर चालवून, २२.११ वरून २४.११ चं अपडेट माझ्याशिवाय पार पाडलं. मी तेव्हा साताऱ्यातच होतो, फोनवर उपलब्ध होतो, आणि फोन आला नाही. पुढच्या बॅचसाठी त्यांनी त्या फाइलमध्ये आपल्या टिपा घातल्या आहेत.

तेव्हा विभागप्रमुखांना माझी विनंती आहे: तुमच्या दोन मुलांना ग्रंथपालांकडे पाठवा आणि बॅकअपपासून सुरुवात करू द्या, अपडेट नंतर. प्राचार्यांना विनंती आहे: पुढच्या ग्रंथालय समितीच्या बैठकीत, बॅकअप शेवटचा घेतला कधी हे विचारू नका, तो दुसऱ्या मशिनवर उभा करून शेवटचा पाहिला कधी, आणि त्या दिवशी मराठी पुस्तक शोधून सापडलं का, ते विचारा. उत्तर तारखेसकट इतिवृत्तात लिहून घ्या. आणि तुमचं ग्रंथालय कृष्णा, कोयना किंवा वारणेच्या काठचं असेल, तर हे येत्या जूनच्या आत करा.